टोपी क्रमांक ६९६ : भारतीय क्रिकेट नियामक मंडळास खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व पदाधिकारी,
भारतीय क्रिकेट नियामक मंडळ, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरचा. बँकेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. माझी मुलगी आणि जावई काही वर्षं वेल्समधल्या स्वान्सी शहरात राहत होते, त्यामुळे माझं तिकडे दोनदा जाणं झालं. या पत्राचा विषय मला तिथेच सापडला. ॲलन जोन्स हे एका डावखुऱ्या सलामीच्या फलंदाजाचं नाव. आपल्याकडे ते फारसं कुणी ऐकलेलं नाही. मीही तिकडे जाईपर्यंत ऐकलं नव्हतं, आणि मी तर लहानपणापासून धावफलकांची कात्रणं जपणारा माणूस. भारताकडून अनधिकृत कसोटी खेळलेल्या, पण अधिकृत कसोटी कधीच न मिळालेल्या खेळाडूंना टोपी, म्हणजे देशाकडून खेळणाऱ्याला देतात ती, द्यावी, ही माझी आपल्याकडे मागणी आहे. पण ती नीट कळायला आधी या माणसाची कारकीर्द सांगावी लागेल. पत्र लांबेल. वेळ काढून वाचावं ही विनंती.

स्वान्सीत समुद्राला लागूनच सेंट हेलन्स नावाचं मैदान आहे. मध्ये फक्त एक रस्ता, पलीकडे वाळू. गॅरी सोबर्स यांनी ३१ ऑगस्ट १९६८ रोजी माल्कम नॅश यांच्या एका षटकात सहा षटकार मारले ते इथंच. मैदानाचं पॅव्हेलियन उंचावर आहे, आणि तिथून खेळपट्टीकडे यायला एक लांबच लांब जिना उतरावा लागायचा. क्लबचा एक सामना चालू होता, त्या दिवशी मी तो जिना उतरून पाहिला. पायऱ्या मोजत निघालो आणि मध्येच आकडा चुकला. साठाच्या वर नक्की आहेत. शेजारी उभे असलेले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, शून्यावर बाद झालं की हाच जिना चढून वर जायचा, तोही सगळ्या गावाच्या देखत. मग त्यांनीच विचारलं, ॲलन जोन्स माहीत आहेत का? मी नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलेलं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी वाचायला बसलो.

जोन्स यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९३८ चा, स्वान्सीजवळच्या वेलिंड्रे गावातला. १९५७ मध्ये ते ग्लॅमॉर्गन कौंटीकडून, म्हणजे तिकडच्या जिल्हा संघाकडून, पहिला प्रथम श्रेणी (अनेक दिवसांचा मोठा) सामना खेळले आणि शेवटचा हंगाम खेळले १९८३ मध्ये. म्हणजे सत्तावीस वर्षं एकच कौंटी. धाकटा भाऊ आयव्हिऑन त्याच संघाचा यष्टिरक्षक. ॲलन जोन्स यांचे एकूण प्रथम श्रेणी सामने ६४५, धावा ३६,०४९, शतकं ५६. एका हंगामात हजार धावा त्यांनी एकदोनदा नाही, तेवीस वेळा केल्या. सर्वोच्च धावसंख्या २०४ नाबाद, हॅम्पशायरविरुद्ध बेसिंगस्टोकला, १९८० मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी.

सरासरी ३२.८९. ती बघून आजचा एखादा पोरगा म्हणेल, यात एवढं काय? त्याला मी सांगेन, आधी खेळपट्ट्यांची माहिती घे. कौंटी क्रिकेटमध्ये सामना चालू असताना खेळपट्टी पूर्ण झाकून ठेवायची पद्धत १९८१ मध्ये आली. तोवर पाऊस पडला की खेळपट्टी भिजायची, वर ऊन पडलं की चेंडू कुठूनही कसाही उसळायचा. आणि वेल्सचा पाऊस म्हणजे काय, हे आम्हा कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. त्यातून स्वान्सीची खेळपट्टी समुद्राकाठची, वाळूसर, फिरकीला साथ देणारी. अशा ठिकाणी नवा चेंडू अंगावर घेत डावाची सुरुवात करायची, आणि तेही आठवड्यातले सहा दिवस. तेव्हा कौंटी सामने तीन दिवसांचे असत. एक संपला की सामान गाडीत टाकायचं, रात्री प्रवास करून दुसरं गाव गाठायचं, सकाळी पुन्हा पॅड बांधायचे. १९६९ पासून रविवारी चाळीस षटकांचा सामनाही सुरू झाला. एप्रिल ते सप्टेंबर हेच आयुष्य. त्यातली तेवीस वर्षं हजारी गाठणं म्हणजे नुसती फलंदाजी नव्हे. शरीर, मन आणि घर, तिन्ही सांभाळल्याशिवाय ते जमत नाही.

१९६९ मध्ये ग्लॅमॉर्गननं कौंटी अजिंक्यपद जिंकलं आणि अख्ख्या हंगामात एकही सामना गमावला नाही. कर्णधार होते टोनी लुईस. मजीद खान संघात होते. अजिंक्यपद पक्कं झालं ते कार्डिफला, वूस्टरशायरविरुद्ध, आणि त्याच सामन्यात डॉन शेफर्ड यांनी आपला दोन हजारावा बळी घेतला. या शेफर्ड यांच्यावर तर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल. २,२१८ प्रथम श्रेणी बळी, आणि इंग्लंडसाठी (वेल्सचे खेळाडू इंग्लंडच्याच संघातून कसोटी खेळतात) एकही कसोटी नाही. कसोटी न खेळलेल्या गोलंदाजांत जगात सर्वाधिक बळी त्यांचे. ज्या ड्रेसिंग रूममध्ये कसोटी न खेळलेला जगातला सर्वात यशस्वी गोलंदाज बसायचा, त्याच ड्रेसिंग रूममध्ये ॲलन जोन्स बसायचे. वेल्समधले लोक आजही म्हणतात की इंग्लंडच्या निवड समितीची नजर ग्लॅमॉर्गनपर्यंत पोहोचतच नव्हती. आकडे बघितल्यावर मलाही ते पटतं.

तरी एकदा ती नजर पोहोचली. १९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ इंग्लंडला यायचा होता. वर्णद्वेषाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, सरकारनं हस्तक्षेप केला आणि मे महिन्यात दौरा रद्द झाला. तो रद्द झाला हे योग्यच झालं. मोकळ्या झालेल्या उन्हाळ्यात इंग्लंडविरुद्ध 'शेष विश्व' संघ अशी पाच सामन्यांची मालिका ठरली. सोबर्स कर्णधार. बॅरी रिचर्ड्स, ग्रॅम पोलॉक, क्लाइव्ह लॉइड, रोहन कन्हाय, माइक प्रॉक्टर, लान्स गिब्ज आणि यष्टींमागे आपले मुंबईचे फारूख इंजिनिअर. याहून ताकदवान संघ त्यानंतर कधी एकत्र आला असेल असं मला वाटत नाही. त्या वेळी या सामन्यांना कसोटी म्हणूनच जाहीर करण्यात आलं होतं. १७ जूनला लॉर्ड्सवर पहिला सामना सुरू झाला आणि इंग्लंडच्या सलामीला उतरले ॲलन जोन्स. वय एकतीस.

आपल्या मराठी वर्तमानपत्रांत धावफलक छापतात त्या पद्धतीनं लिहायचं तर त्यांच्या नावापुढे असं आहे : झे. इंजिनिअर गो. प्रॉक्टर ५. आणि दुसऱ्या डावात : झे. इंजिनिअर गो. प्रॉक्टर ०. बस्स. पहिल्या डावात इंग्लंड १२७ धावांत गारद झाला, सोबर्सनी २१ धावांत सहा बळी घेतले आणि मग स्वतः १८३ धावा ठोकल्या. इंग्लंड डावानं हरला. जोन्स यांना पुढच्या सामन्यात घेतलं नाही, आणि नंतरही कधी घेतलं नाही.

एका सामन्यात अपयश आलं म्हणून वगळलं, हे खेळात चालतंच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. खरी जखम पुढे झाली. दोन वर्षांनी आंतरराष्ट्रीय क्रिकेटच्या धुरिणांनी ठरवलं की ती मालिका कसोटी मानायची नाही, कारण समोर एका देशाचा संघ नव्हता. त्या मालिकेतून इंग्लंडकडून पहिल्यांदा खेळलेले ब्रायन लकहर्स्ट, पीटर लिव्हर, ख्रिस ओल्ड असे बाकीचे सगळे पुढे दुसऱ्या कुठल्या तरी कसोटीत खेळले, त्यामुळे त्यांचं काही बिघडलं नाही. एकट्या ॲलन जोन्स यांच्या खात्यात तेवढा एकच सामना होता, आणि तोच खोडला गेला. देशाची टोपी घालून ते लॉर्ड्सच्या मैदानात उतरले होते, हजारो लोकांनी ते पाहिलं होतं, आणि तरीही कागदावर ते कसोटीपटू उरले नाहीत. त्या दिवसापासून त्यांच्या नावाला कायमची चिकटलेली ओळख ही : अधिकृत कसोटी न खेळता सर्वाधिक प्रथम श्रेणी धावा करणारा फलंदाज.

योगायोग बघा. त्यांचेच कौंटी कर्णधार टोनी लुईस १९७२ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीत आपली पहिली कसोटी खेळले, तीही इंग्लंडचे कर्णधार म्हणून. अजित वाडेकरांच्या संघानं ती मालिका २-१ अशी जिंकली, ते आपल्या पिढीला तोंडपाठ आहे. लुईस यांच्या नावावर नऊ कसोटी जमा झाल्या. त्यांच्याच ग्लॅमॉर्गनच्या डावाची वर्षानुवर्षं सुरुवात करणाऱ्या जोन्स यांच्या नावावर होता तो एक सामनाही राहिला नाही. लुईस यांचा मोठेपणा मी कमी करत नाही, पण दोघांच्या नशिबातलं अंतर बघून जीव हळहळतो.

आणि जोन्स यांनी पुढे काय केलं? ते १९७१ मध्येही डावाची सुरुवात करायला उतरले. १९७२, १९७३, १९७४ मध्येही. नंतर ग्लॅमॉर्गनचे कर्णधार झाले, आणि १९७७ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली संघ लॉर्ड्सवर जिलेट चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. टोपी काढून घेतल्यानंतर अकरा वर्षं ते तो सेंट हेलन्सचा जिना उतरत राहिले. खेळ थांबवल्यावर त्याच कौंटीत प्रशिक्षक झाले. आपले रवी शास्त्री १९८७ पासून काही हंगाम ज्या ग्लॅमॉर्गनकडून खेळले, ती कौंटी अशा माणसांनी उभी केली होती.

शेवटी २०२० च्या जूनमध्ये, त्या सामन्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, इंग्लंड आणि वेल्स क्रिकेट बोर्डानं जोन्स यांना अधिकृत टोपी दिली. क्रमांक ६९६. तेव्हा ते एक्याऐंशी वर्षांचे होते. सामन्याचा दर्जा बदलला नाही, आकडेवारीच्या पुस्तकांत तो आजही कसोटी नाही. तरी बोर्डानं म्हटलं की हा माणूस इंग्लंडसाठी खेळला, आणि आमच्या यादीत त्याला क्रमांक आहे. मला विचाराल तर हे पन्नास वर्षं उशिरा झालं. पण त्यांच्या डोळ्यांदेखत झालं.

आता मी आपल्या दाराशी येतो.

जोन्स यांना टोपी मिळाली त्याच जून महिन्याच्या २१ तारखेला रोहतकमध्ये डावखुरे फिरकीपटू राजिंदर गोयल गेले. रणजी करंडकात ६३७ बळी, हा विक्रम त्यांचाच. प्रथम श्रेणीत एकूण ७५०. तसेच डावखुरे फिरकीपटू असलेल्या बिशनसिंग बेदींच्या काळात जन्माला आले म्हणून कसोटी मिळाली नाही, असं आपण सगळेच म्हणतो. १९७४ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या बंगळूर कसोटीतून बेदींना वगळलं, गोयल यांना बोलावून घेतलं, आणि अकरांत मात्र घेतलं नाही. हे सगळ्यांना माहीत आहे. कमी लोकांना माहीत आहे ते असं की गोयल त्याआधी भारतासाठी एक सामना खेळले होते. १९६४-६५ मध्ये सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा, संघ आला होता, अहमदाबादच्या सामन्यात ते भारताकडून उतरले. पण सिलोनला तेव्हा कसोटीचा दर्जा नव्हता, म्हणून तो सामना 'अनधिकृत कसोटी'.

आणि आमचे भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८, पुण्यात पूना क्लबचं मैदान, काठियावाडविरुद्ध महाराष्ट्र. भाऊसाहेब ४४३ नाबाद. ब्रॅडमनच्या ४५२ धावांच्या तेव्हाच्या जागतिक विक्रमापासून फक्त नऊ धावा दूर असताना पाहुण्या संघानं सामना सोडून दिला आणि गाव गाठलं. कोल्हापुरात आमच्या पिढीतल्या पोरांना पाढ्यांबरोबर ४४३ हा आकडा पाठ असायचा. माझे वडील हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर तो धावफलक लिहून ठेवत, आणि शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारत, एखाद्या खात्याची बेरीज मारावी तशा. पण भाऊसाहेबही भारतासाठी खेळले होते हे मला फार उशिरा कळलं. १९४९-५० मध्ये कॉमनवेल्थचा, म्हणजे राष्ट्रकुलातल्या देशांच्या खेळाडूंचा, संघ इथे आला, त्यात फ्रँक वॉरेल यांच्यासारखे खेळाडू होते, आणि त्यांच्याविरुद्धच्या एका अनधिकृत कसोटीत भाऊसाहेब भारताकडून उतरले. त्यानंतर नाही. डिसेंबर २०१२ मध्ये, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते गेले.

मी आंधळेपणानं बोलत नाही. जोन्स यांच्या सामन्यात आणि आपल्या सामन्यांत फरक आहे. लॉर्ड्सचा तो सामना आधी कसोटी म्हणून जाहीर झाला आणि नंतर दर्जा काढून घेतला गेला. आपले सामने पहिल्यापासूनच अनधिकृत होते आणि खेळणाऱ्यांना ते माहीत होतं. म्हणून मी कसोटी क्रमांक मागत नाही. तो मागणं चुकीचं होईल, आणि कसोटी खेळलेल्यांवर अन्यायही.

पण दर्जा ही किती माणसांच्या हातातली गोष्ट आहे, तेही बघा. ऑक्टोबर २००५ मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध विश्व संघ असा एक सामना झाला. समोर देशाचा संघ नव्हताच, तरी त्याला कसोटीचा दर्जा मिळाला. आपले राहुल द्रविड आणि वीरेंद्र सेहवाग त्यात विश्व संघाकडून खेळले आणि त्यांच्या त्या धावा आजही कसोटी धावांत मोजल्या जातात. ज्या कारणासाठी १९७२ मध्ये जोन्स यांचं नाव खोडलं, ते कारण २००५ मध्ये आड आलं नाही. नियम बसवणारे आणि उठवणारे आपणच असतो. मग ज्यांनी भारताच्या नावानं मैदानात पाय ठेवला, त्यांची नोंद कशी करायची हेही आपल्याच हातात आहे.

माझी मागणी एवढीच आहे. भारताच्या संघातून जे अनधिकृत कसोटी सामने खेळले गेले, १९४५-४६ मधला ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेस संघ, १९४९-५० आणि १९५०-५१ मधले कॉमनवेल्थ संघ, १९६४-६५ मधला सिलोन, आणि असे बाकीचेही, त्या सगळ्यांचे धावफलक काढावेत. त्यांतून असे खेळाडू शोधावेत ज्यांना पुढे अधिकृत कसोटी कधीच मिळाली नाही. मंडळाच्या नोंदींत 'भारताचे प्रतिनिधित्व केलेले खेळाडू' म्हणून त्यांची वेगळी यादी करावी, आणि प्रत्येकाला, किंवा तो हयात नसेल तर त्याच्या घरच्यांना, एक टोपी द्यावी. टोपीवर कसोटी क्रमांक नको. सामन्याचं ठिकाण आणि वर्ष असलं तरी पुरे.

आपण पुरस्कार दिलेत, ते मी विसरलेलो नाही. भाऊसाहेबांना कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये गोयल आणि मुंबईचे फिरकीपटू पद्माकर शिवलकर यांनाही मिळाला. शिवलकरांच्या ५८९ बळींना त्या दिवशी जी दाद मिळाली ती पाहून डोळे भरून आले होते. २०२५ च्या ३ मार्चला तेही गेले. पण पुरस्कार हा कारकिर्दीचा असतो आणि टोपी त्या एका सामन्याची. जोन्स यांना धावांसाठी सन्मान हवे तेवढे मिळाले असते. बोर्डानं मात्र पन्नास वर्षांनी नेमकी ती टोपीच दिली, कारण राहून गेली होती ती तेवढीच.

हे काम अवघड नाही. सामने मोजके आहेत, धावफलक उपलब्ध आहेत. खर्च म्हणाल तर आपल्यासारख्या श्रीमंत मंडळाच्या हिशेबात तो दिसणारही नाही. अवघड आहे ते वेळेचं गणित. १९४९ मध्ये पंचविशीत असलेला खेळाडू आज शंभरीच्या पुढे असता. १९६४-६५ च्या मालिकेतले खेळाडू आज ऐंशीच्या घरात किंवा त्याच्या पुढे आहेत. त्यांच्यापैकी कोण आहे, कुठे आहे, हे आपल्या राज्य संघटनांना एका आठवड्यात कळू शकेल. म्हणून विनंती अशी की यादी पूर्ण होण्याची वाट बघू नये. जे हयात आहेत त्यांच्यापासून सुरुवात करावी, आणि बाकीचं संशोधन मागाहून होऊ द्यावं.

कोल्हापूरचं काम मी करायला तयार आहे. भाऊसाहेबांच्या सामन्याचा धावफलक, त्या वेळच्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या, जे काही इथल्या ग्रंथालयांत मिळेल ते शोधून, झेरॉक्स काढून, मी स्वखर्चानं मंडळाच्या मुंबईतल्या कार्यालयात आणून देईन. फक्त ते कुणाच्या टेबलावर ठेवायचं, एवढं कळवावं.

आपला,
कोल्हापूरचा एक निवृत्त बँक कर्मचारी